निळ्या प्यांटीतला राजन

अकोला, ११ फेब्रुवारी १९६८, रविवार

आज जे झालं ते लगेच लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल.

दुपारचा खेळ पाहून टॉकीजमधून निघालो. पिक्चरमधला हिरो निळी, अंगाला चिकटलेली प्यांट घालून मोटारसायकलवरून उतरतो आणि खिशात अंगठे अडकवून चालत येतो. खेळ सुटला की प्रत्येक पोट्टा थोडा वेळ तसाच चालतो आणि पानठेल्यापर्यंत पोचला की पुन्हा आपल्या चालीवर येतो. मी मात्र तिलक रोडपर्यंत तसाच गेलो. मागून हाक आली, "ओ हिरो!"

'नवरंग क्लॉथ स्टोअर्स'चे मालक खुशालराव दुकानाच्या पायरीवर उभे होते. गोरेपान, हसरे, बोटात पोवळ्याची अंगठी. म्हणाले, "पुन्हा एकदा चालून दाखव." चाललो. "आता वळ." वळलो. त्यांनी गल्ल्यामागून एक पुडकं काढलं. आत अगदी तशीच निळी प्यांट! मुंबईच्या गोदीवर कुण्या परदेशी खलाशानं विकलेली. गुडघ्यावर रंग उडालेला, शिवण पिवळ्या दोऱ्याची, खिशांच्या कोपऱ्यांना तांब्याच्या टिकल्या ठोकलेल्या. खुशालरावांना अशा प्यांटी शिवून विकायच्या आहेत. लोकांना त्या दिसाव्यात म्हणून रोज संध्याकाळी कुणीतरी घालून फिरायला हवं.

"नाव काय तुझं?"

"सहदेव देवराव सिरसाट."

ते जरा थांबले. "सिरसाट... बरं. बरं. आडनावाचं इथं काय काम? नावसुद्धा दुसरं ठेवू. राजन. हिरोचं नाव कसं पिक्चरमधलं पायजे."

खरंच आहे. पिक्चरमधले सगळेच नाव बदलतात.

१८ फेब्रुवारी

प्यांट तयार झाली. कापड अहमदाबादच्या मिलचं, ताडपत्रीएवढं जाड. शिंप्यानं नमुन्यावरून कापली, तांबटाकडून टिकल्या ठोकून आणल्या. खुशालरावांनी ती भिजवून ओलीच माझ्या अंगावर चढवायला लावली. म्हणे परदेशात अशीच घालतात. अंगावर वाळली की हाडामासाला धरून बसते. दोन प्रहरपर्यंत गच्चीवर उन्हात उभा होतो. वाळली तेव्हा मी तिच्यात नव्हतो, तीच माझ्यावर उगवलेली होती. मांडी घालता येत नाही. खाली पडलेलं उचलता येत नाही. पण आरशात पाहिलं आणि दुसऱ्या कुणाचे तरी पाय लावल्यासारखं वाटलं. लांब, सरळ, श्रीमंत पाय.

घरी सांगितलं. बाबा जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, रुईच्या गाठी बांधतात. म्हणाले, "जीनची प्यांट म्हंजे? आमी जिनात घालतो ते?"

"तसं नाही बाबा. कापडाचं नावच जीन."

"कापूस कोठचा असन?"

मी म्हटलं, अहमदाबादचा. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "अहमदाबादेत कापूस पिकत नाई रे, गाठी इथूनच जाते," एवढंच म्हणाले आणि हात धुवायला गेले. बाबांना माझं हे काम आवडलेलं नाही. अमरावतीच्या पुंजाजी काकांनी एस. टी.त कंडक्टरसाठी माझा अर्ज टाकला आहे, त्याकडे त्यांचे डोळे लागलेत. त्याला वर्ष होत आलं. कुठं काय आलं?

२५ फेब्रुवारी

काल पहिल्यांदा बाहेर निघालो. तिलक रोडवरून टॉकीजपर्यंत आणि परत. इंटरव्हलमध्ये मधल्या दालनात, खांबाला टेकून. कॉलेजची पोरं आधी हसली, मग जवळ आली, मग एकानं खिशावरच्या टिकलीला हात लावून पाहिला. "मुंबईहून आले काय?" मी ठरल्याप्रमाणे हिंदीत म्हटलं, "हाँ, बम्बई से." वऱ्हाडी बोलायचं नाही, ही खुशालरावांची अट आहे. तोंड उघडलं की जादू जाते म्हणतात.

दुकानावरच्या माडीत मला खोली दिली. सगळीकडे ठाणं रचलेली, मधे खाट, रस्त्याकडे एक खिडकी. जन्मात पहिल्यांदा स्वतःची खोली! वस्तीतून रोज येणं-जाणं बरं दिसत नाही, कुणी पाहिलं तर मुंबईचा राजन कुठला, असं खुशालराव म्हणाले. जेवणाचा डबा त्यांच्या घरून येतो. दुकानातले सगळे पितळी पेल्यानं पाणी पितात. माझ्यासाठी काचेचा नवा गिलास आणला. तो वरच, माझ्या खिडकीत असतो. एवढा मान मला कुणी दिला नव्हता.

३ मार्च

पेंटर आला होता. दुकानावर मोठा बोर्ड लागतोय. मी खिशात अंगठे घालून उभा. प्यांट हुबेहूब आली, शिवणीचा पिवळा दोरासुद्धा. तोंड मात्र फार गोरं केलं. मी म्हटलं तर म्हणाला, सावळा रंग उन्हात लवकर उतरतो. असेल. त्याचा धंदा त्याला ठाऊक.

१० मार्च

अंधार पडल्यावर घरी जाऊन आलो. माय वाट पाहत होती. बेसन-भाकर केली होती. मला बसता येईना, म्हणून भिंतीला टेकून उभ्यानंच जेवलो. धाकटी भागीरथा म्हणाली, "भाऊ घोड्यासारखा जेवते." सगळे हसलो. मग प्यांट उतरवून पाय धुताना मायनं पाहिलं. रंग सुटून माझ्या मांड्या-पोटऱ्या निळ्या झाल्यात, घासून जात नाही.

मी तिला खोलीचं सांगितलं, डब्याचं सांगितलं, काचेच्या गिलासाचंही सांगितलं.

मायनं विचारलं, "थो गिलास धुते कोण?"

"मीच धुतो. त्यात काय?"

"आन् डबा?"

"तोही मीच. खाली नळावर."

 माय बराच वेळ माझ्या पायावर पाणी टाकत राहिली. तिला वाटतं मला तिथं कामं पडतात. तसं काहीच नाही, एक गिलास आणि एक डबा, बस.

१७ मार्च

ऑर्डरींचा पाऊस. लग्नसराई तोंडावर आहे आणि प्रत्येक नवरदेवाच्या भावाला, साळ्याला राजनसारखी प्यांट पाहिजे. अकोटहून, अंजनगावहून लोक येतात. काउंटरवरचे शेषराव, पिकल्या केसांचे, सगळी हयात धोतरजोड्या विकण्यात गेली, ते म्हणाले, "काय दिवस आले बाप्पा, गिऱ्हाईक सांगते का मले बसता नाई आलं पायजे!"

खुशालराव खूष आहेत. त्यांनी नवा नियम केला: दिवसा मी खाली उतरायचं नाही. रोज-रोज दिसलं तर नवल राहत नाही. संध्याकाळी दोन तास, तेवढंच. आणि रात्री माडीच्या दाराला बाहेरून कुलूप, कारण वर हजारोंचा माल आहे. सकाळी शेषराव किल्ली घेऊन येतात.

"तुझ्यावर विश्वास नाही असं नाही," खुशालरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवायला उचलला आणि मग नुसताच हवेत हलवला. "चोरांचा भरोसा नाही."

३१ मार्च

उन्हाळा सुरू झाला. माडीचं टिनाचं छप्पर दुपारी असं तापतं की ठाणांमधून खळीचा वास वर येतो. प्यांट काढून बसावं म्हटलं तर घालायला दुसरं काही नाही. माझा पायजमा आणि दोन सदरे खुशालरावांनी झाडणाऱ्याला देऊन टाकले. "राजन असं घालत नाही." गंमतच झाली होती तेव्हा. आता गंमत वाटत नाही. टॉवेल गुंडाळून बसतो, आणि जिन्यावर पाऊल वाजलं की धडपडत पाय पुन्हा त्या निळ्या नळ्यांत कोंबतो.

घरी जाऊन येऊ का म्हणून विचारलं. खुशालराव मायेनं म्हणाले, "अरे, कशाला जातो त्या वस्तीत? मे महिन्यात अमरावतीत दुसरं दुकान काढून राहिलो. तिथं तुले कोणीच ओळखत नाही. किती बरं!"

दिवसभर विचार करत होतो की यात बरं काय आहे. मला ओळखणारी माणसं वाईट थोडीच आहेत?

तरी संध्याकाळी बाहेर पडलो की सगळं विसरतो. पोरं वाट सोडतात. पोरी पाहून न पाहिल्यासारखं करतात. एक पोरगा माझ्यासारखे केस वळवून आला होता. त्या दोन तासांत मी कुणीतरी असतो. मग वर जातो, कुलूप लागतं, आणि आतमध्ये कोण उरतं ते कळत नाही.

७ एप्रिल

बाबा आले होते.

मी वर होतो. प्यांट ढिली पडली म्हणून सकाळी पुन्हा भिजवून घातली होती, खिडकीच्या उन्हात उभा राहून वाळवत होतो. खाली ओळखीचा आवाज आला.

"सहदेव हाय काय इथं?"

खुशालराव म्हणाले, "इथं कोणी सहदेव नाही."

"त्याले निरोप द्या लागत होता. मी त्याचा बाप हावो."

"अहो, पण नाहीच ना कोणी त्या नावाचा. शेषराव, आहे का हो?"

शेषराव काय बोलले ते ऐकू आलं नाही. दुकानात गिऱ्हाईक होतं, कापड फाडल्याचा आवाज आला. मग बाबा म्हणाले, "बरं."

खिडकीतून पाहिलं. बाबा रस्ता ओलांडून पलीकडे गेले. दुकानावरच्या माझ्या बोर्डाकडे पाहत उभे राहिले. वर पाहिलं असतं तर मी दिसलो असतो. त्यांनी डोक्याचा रुमाल सोडून परत बांधला आणि गेले.

दाराला कुलूप नव्हतं. उतरायला हवं होतं. प्यांट ओली होती, पाय वाकत नव्हते, जिना उंच आहे. हे सगळं खरं आहे. लिहून पाहिलं तर तितकं खरं वाटत नाही.

९ एप्रिल

खुशालरावांना विचारलं, माझे वडील आले होते का? म्हणाले, "हो हो, तुले त्रास नको म्हणून वाटेला लावलं." काय निरोप होता? "विचारलं नाही बुवा." आणि लगेच, "जेवला का?" माणूस वाईट नाही. तेच तर अवघड आहे. वाईट असता तर मी भांडलो असतो.

१० एप्रिल

टॉकीजमध्ये आज एकानं आपल्या बहिणीला माझ्याकडे बोट दाखवून म्हटलं, "पाह्य, असा असतो खानदानी." मी हिंदीत हसलो.

१३ एप्रिल

उद्या जयंती. दरवर्षी मी बाबांसोबत मिरवणुकीत असतो. सात-आठ वर्षांचा होतो, तेव्हा नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर बाबांनी पहिल्यांदा निळा झेंडा माझ्या हाती दिला होता. त्याची काठी माझ्याहून लांब होती.

खुशालरावांकडे सुट्टी मागितली. त्यांनी नाही म्हटलं नाही. म्हणाले, "उद्या तसंही दुकान बंद. मी घरच्यांना घेऊन अकोटले लग्नाला जाणार. तू वर आराम कर. खिडकीत मात्र उभा राहू नको हं. मिरवणूक इथूनच जाते. उगाच कोणी ओळख दाखवली म्हणजे?"

"मले जाऊ द्या," मी म्हटलं. दीड महिन्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर 'मले' म्हटलं.

ते हसले. "मुझे, राजन, मुझे."

१४ एप्रिल, रविवार

घरी बसून लिहितोय. माझ्या घरी. भागीरथा शेजारी बसली आहे आणि काय लिहितो म्हणून डोकावते.

सकाळी शेषराव डबा देऊन गेले आणि जाताना कुलूप लावलं. कुलूप लावताना दाराआडून म्हणाले, "माहा हात नाई लागत रे लेका, पण किल्ली त्याहीचीच हाय." मग पायऱ्यांवरून त्यांची चप्पल वाजत गेली.

ऊन चढल्यावर ढोलताशे ऐकू आले. मी खाटेवर पालथा पडलो होतो, कारण बसता येतच नाही. आवाज जवळ आला. उठायचं नाही असं ठरवलं होतं. उठलो. खिडकीच्या कडेला, भिंतीआड उभा राहिलो, एका डोळ्यानं पाहत. आधी लेझीमवाली पोरं, मग बैलगाडीवर बाबासाहेबांची तसबीर, मग बाया, पांढरी लुगडी नेसलेल्या. त्यांत माय होती. भागीरथेनं तिचा पदर धरला होता. मागं बाबा, हातात झेंडा. म्हातारे दिसले. दोन महिन्यांत माणूस म्हातारा होत नाही. मीच नीट पाहिलं नव्हतं.

खालून घोषणा झाली, "बाबासाहेब आंबेडकरांचा..."

"विजय असो!" सगळा रस्ता म्हणाला.

आणि सगळा रस्ता गप्प झाल्यावर, एकट्याचा, जरा उशिरानं, माडीवरून आवाज आला: "विजय असो!"

तो माझा होता. मी भिंतीआडून बाहेर कधी आलो, खिडकीत पूर्ण उभा कधी राहिलो, मला माहीत नाही. शेकडो माना वर झाल्या. समोरच्या दुकानांतल्याही झाल्या. कुणीतरी म्हणालं, "अबे, हा तर राजन!" आणि भागीरथा किंचाळली, "माय, भाऊ!"

ढोल थांबला. बाबा खिडकीखाली आले.

"येतं का खाली?"

"कुलूप हाय बाबा. बाहेरून."

बाबांनी जिन्याच्या वरच्या दाराकडे पाहिलं. कुलूप पाहिलं. त्यांचा चेहरा असा झाला की मला भीती वाटली. "म्या समजलो तुले इथंच रायचं हाय म्हून म्या वापस गेलो," ते म्हणाले. "अमरावतीहून पुंजाजीचा निरोप आला. कंडक्टरीचं झालं तुहं. परवा सोळा तारखेले हजर व्हा लागते, नाई तर जागा गेली."

मी मागं वळलो, ही वही शर्टात खोचली. खोलीत कापडाशिवाय होतं काय? सगळ्यात जाड ठाण उचललं, त्याच निळ्या कापडाचं. एक टोक खाटेच्या पायाला बांधलं, खाट खिडकीला आडवी लावली आणि ठाण बाहेर लोटून दिलं. ते उलगडत उलगडत, फडफडत खाली गेलं, थेट रस्त्यापर्यंत. निळं, लांबलचक.

खाली एकच गजर झाला. लोकांना वाटलं नवरंगवाल्यानं जयंतीसाठी निळं तोरण सोडलं! टाळ्या, शिट्ट्या, घोषणा. लेझीमवाली पोरं नाचायला लागली. मग त्यांना तोरणावरून माणूस उतरताना दिसला.

उतरताना प्यांट मागून उसवली, आवाज सगळ्यांनी ऐकला असेल. मला तेवढंच बरं वाटलं, पाय मोकळे झाले. चौघांनी कापड धरून ठेवलं, बाबांनी मला कंबरेला धरून खाली घेतलं. लहानपणी झाडावरून घ्यायचे तसं. कुणी हसलं, कुणी पाठ थोपटली. मायनं आपल्या खांद्यावरचा शेला माझ्या कंबरेला गुंडाळला आणि म्हणाली, "चाल." मिरवणूक पुढं निघाली. मी त्यात होतो.

१५ एप्रिल

दुपारी खुशालराव आले. रिक्षा वस्तीच्या तोंडाशी उभी करून चालत आले असावेत, कपाळावर घाम होता. अंगणाच्या कडेलाच थांबले. पांढरंशुभ्र धोतर.

"आत या ना," माय म्हणाली.

"नाही, घाईत आहे. इथंच बरं." मग माझ्याकडे वळले. "अरे, काय करून बसला तू? सगळा बाजार मला विचारते, खुशालराव, तुम्ही कधीपासून निळं तोरण लावता? सकाळपासून ऑर्डरी परत येऊन राहिल्या. त्या प्यांटी म्हणे आता..." ते थांबले.

"आता काय?" मी विचारलं.

"जाऊ दे. चूक झाली, मीही कुलूप लावलं, तूही उडी मारली. फिट्टंफाट. अमरावतीच्या दुकानात ये. तिथं पुन्हा नव्यानं सुरू करू."

"नाव कोणतं?"

"राजनच की."

"आन् कोणी इचारलं का कोठचा, तर?"

"हे पाह्य पोरा, मला स्वतःला काही फरक पडत नाही. शप्पथ. पण गिऱ्हाईकाले पडते. मले गिऱ्हाईकाचं पाहा लागते." ते हे खरोखर दुःखानं बोलले. आणि बोलता बोलता कडेवरून एक पाऊलही पुढं आले नाहीत.

दोन महिने जे मी मान, रिवाज, धंदा, पद्धत असं काय काय म्हणत लिहिलं, ते सगळं मला त्या पावलाच्या जागेवर दिसलं. मागची पानं आता वाचणार नाही.

 बाबा म्हणाले, "शेट, तुमाले फरक पडत नाई, मंग आत येऊन बसा ना."

खुशालरावांनी कपाळावरचा घाम पुसला. म्हणाले, "निदान प्यांट तरी परत द्या. नमुन्याची आहे."

मायनं ती पहाटेच बादलीत भिजत घातली होती. तिनं पिळलीसुद्धा नाही. दोन हातांनी उचलली आणि त्यांच्या हातात दिली. ते ती अंगापासून लांब धरून निघाले, पण जाड कापड भिजलं की फार जड होतं. गल्लीच्या टोकापर्यंत त्यांचं धोतर निळं होत गेलं.

कुणी हसलं नाही. मायनं बादली उपडी केली आणि म्हणाली, "भाकरी बांधून देतो. उद्या पायटंच निघा लागते."

अमरावती, १६ एप्रिल

बाबांचा जुना खाकी पायजमा आणि शेजारच्याचा सदरा घालून आलो. बाबाही सोबत आले. गाडीत गर्दी, बडनेऱ्यापर्यंत उभेच होतो.  एकदा गाडी गचकली तेव्हा बाबांनी माझं मनगट धरलं, आणि नंतर सोडायचं विसरले.

डेपोच्या कचेरीत साहेबानं कागद पाहिले. "सिरसाट सहदेव देवराव?"

"हो साहेब."

"मोठ्यानं सांगा. कंडक्टरचा आवाज मागच्या सीटपर्यंत गेला पाहिजे."

मी सांगितलं, पूर्ण. बाहेर व्हरांड्यात पाणी पिणारी माणसं वळून पाहायला लागली. साहेब हसला. म्हणाला, "ठीक. ट्रेनिंग सोमवारपासून. आज जा घरी, किंवा..." घड्याळाकडे पाहिलं, "परतवाड्याची गाडी लागली आहे. जायचं असेल तर नुसतं बघायला जा. ड्रायव्हर रामराव आहे, माणूस बरा आहे."

"जातो," मी म्हटलं.

बाबा मोटरस्टँडवर बाकाशी उभे होते. त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, भाकरीचं फडकं माझ्या हातात दिलं. मी मागच्या दारानं चढलो. खिडकीतून पाहतो तर बाबा ड्रायव्हरच्या बाजूला गेलेले, टाचा उंचावून. इंजिन सुरू होतं, म्हणून त्यांना ओरडावं लागलं. सगळी गाडी ऐकत होती, बाया, म्हातारे, संत्र्याच्या टोपल्या घेऊन बसलेले माळी, सगळे.

"तो मागं उभा हाय ना, हिरवा सदरा? थो माहा पोरगा हाय! सहदेव! नवा हाय, सांभाळून घ्या!"

रामरावांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "घेतलं बुवा. काय सहदेव, मारता का डबल?"

जुन्या कंडक्टरनं वरच्या घंटीच्या दोरीकडे बोट दाखवलं. मी हात उंच केला आणि दोनदा ओढली. गाडी निघाली.